काळ्याला काळं काढणारे मास्तर

मास्तर चिडके होते, हे आधी सांगते. आता कुणी सभेत त्यांच्याबद्दल बोललं तर शांत, संयमी असं काहीतरी बोलतं. ही बोलणारी माणसं त्यांच्या स्टुडिओचा जिना कधी चढली नव्हती. मी रोज चढायचे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका सायकलच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांची एक खोली होती. निम्म्या खोलीत स्टुडिओ, निम्म्या खोलीत फळ्या मारून केलेली डार्करूम. मी त्यांच्याच वस्तीतली. चौथीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, विड्या वळता वळता खोकला मागं लागला. म्हणून विड्या सोडून फोटो धुवायला त्यांच्याकडे राहिले. फोटो पाण्यातून काढायचे, दोरीला चिमट्यानं लावायचे, वाळले की कडा कापायच्या, एवढं माझं काम. मी त्यांच्याहून पुष्कळ लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. मी त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. सगळ्यांवर ओरडायचे म्हणून मास्तर.

दुसऱ्या स्टुडिओत पाठीमागं रंगवलेला पडदा असायचा. ताजमहाल, बाग, चंद्रकोर. मास्तरांच्या भिंतीवर मिलचं कोरं मांजरपाट ताणलेलं होतं. गिऱ्हाईक ताजमहाल मागायचं. मास्तर म्हणायचे, "ताजमहाल बघायचा तर आग्र्याला जावा. हितं तोंड दावा."

खाली सायकलच्या दुकानात एक चाचा बसायचे. ते वर बघून ओरडायचे, "मास्टर, तुमे फोटू निकालते की पंचनामा करते?"

खरं होतं ते. मास्तरांच्या फोटोत माणूस हसत नसे. मास्तर त्याला हसू देत नसत.

त्या वेळी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून माणसाला गोरं करायची पद्धत होती. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागते तिथं फोटोत उजळ येतं. देवीचे व्रण जातात, गालावरचा डाग जातो, काळी मुलगी सावळी होते. शहरातले सगळे स्टुडिओ त्या पेन्सिलीवर जगत होते. मास्तर पेन्सिल लावत नसत. एकदा वैरागहून एक बाप मुलीला घेऊन आला. मुलगी चांगली नाकीडोळी नीट, रंगानं काळी. स्थळाला फोटो पाठवायचा होता.

बाप म्हणाला, "जरा उजळ करा की, मास्तर."

"का?"

"का म्हंजे? पावण्याला दावायचाय."

"मग सासरी गेल्यावर रोज सकाळी पावडर फासायला मी येऊ व्हय तिच्या दारात?"

बाप उठला. मुलीला हाताला धरून समोरच्या स्टुडिओत घेऊन गेला. मुलगी जिन्यावरून मागं वळून बघत होती. रागानं की बरं वाटून, ते मला कळलं नाही. मी मास्तरांना म्हटलं, "असं केल्यावर चूल कशी पेटायची?" ते म्हणाले, "काळ्याला काळं काढलं तर चूल पेटत न्हाई, हे तू त्याला सांग, मला नको."

त्यांच्या घरची चूल तशीही विझलीच होती. बायको छातीच्या दुखण्यानं गेली होती. ती मास्तरांना पुष्कळदा म्हणायची, माझा एक काढा की. मास्तर म्हणायचे, रोल संपलाय, पुढल्या रोलात काढतो. ती गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. लोकांना हे खोटं वाटतं. मी त्यांच्या चारी भिंती बघितल्या आहेत.

डार्करूममध्ये फोटो कागदावर उतरवताना दिवा किती वेळ चालू ठेवायचा ते मोजावं लागतं. घड्याळ होतं, पण मास्तर त्याकडे बघत नसत. त्यांचे वडील रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये होते, म्हणून ते स्टेशनं म्हणायचे. सोलापूर, बाळे, पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी. कुर्डुवाडी आली की दिवा बंद. निगेटिव्ह फारच दाट असली तर पुढं दौंडापर्यंत जायचे. अंधारात तो आवाज ऐकून मला झोप यायची आणि मग शिव्या बसायच्या.

रविवारी स्टुडिओ बंद ठेवून ते चाचांची सायकल घेऊन खेड्यांत जायचे. गळ्यात कॅमेरा, हँडलला भाकरीचं फडकं. लग्नाचं काम आहे असं सांगायचे. लग्न नसायचं. हॉटेलाच्या बाहेर कोनाड्यात आपल्या माणसांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कान तुटक्या कपांचा फोटो काढायचे. विहिरीवर आपल्या बायका घागरी घेऊन लांब बसलेल्या असायच्या, कुणी वरून ओतील म्हणून. त्यांचा काढायचे. जळलेल्या झोपडीचा काढायचे. कधी मार खाऊन यायचे. एकदा कॅमेऱ्याची काच फुटली होती आणि कपाळही. आल्याबरोबर काच बघत बसले. कपाळाचं रक्त मी पुसलं.

हे कशासाठी चालतं ते मी एकदा विचारलं. त्यांनी डार्करूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं एक पान दाखवलं. रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंग्रजी मासिकाचं होतं ते. काळ्या माणसांचा घोळका भिंतीला चिकटून उभा, आणि पोलीस त्यांच्यावर आगीच्या बंबाचं पाणी मारताहेत. एका पोरीचा झगा पाण्यानं अंगाला चिकटलेला. मास्तरांनी एका शिक्षकाकडून खालची अक्षरं वाचून घेतली होती.

"अमेरिकेतली हायत. आपल्यासारखीच."

"पाण्यानं मारतेत?"

"व्हय. आपल्याला पाणी देत न्हाईत, त्यांना पाण्यानं मारतेत." मग बोट ठेवून म्हणाले, "आणि हा काढणारा बी त्यांच्यातलाच हाय, काळा. बंबाच्या म्होरं उभा ऱ्हाऊन काढलाय. बाहेरच्यानं काढला असता तर लांबून काढला असता."

मला ते पान बघायला आवडायचं नाही. त्या पोरीचं तोंड माझ्या धाकट्या बहिणीसारखं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मास्तर खडी फोडायच्या कामावर जाऊन आले. तिथं पाण्याची दोन पिंपं ठेवली होती. एक सगळ्यांसाठी, एक आपल्यांसाठी, लांब बाभळीखाली. मास्तरांनी दोन्ही पिंपं एका फोटोत आणली आणि मुंबईच्या एका वर्तमानपत्राला पाठवली. फोटो छापून आला. मास्तरांनी अंक विकत घेतला, जिन्याच्या पायऱ्यांवरच उघडला आणि तिथंच बसले. फोटोतली बाभळ कापली होती. एकच पिंप, भोवती तहानलेली माणसं. खाली लिहिलं होतं, दुष्काळाची झळ.

चाचा म्हणाले, "छपा तो सही ना मास्टर. नाम होगया."

मास्तरांनी अंकाचा बोळा करून चाचांच्या पंक्चरच्या पाण्यात टाकला. चाचांनी तो बाहेर काढून वाळवला. त्यांना बिचाऱ्यांना कागद वाया गेलेला चालत नसे.

आता त्या फोटोकडे येते. त्याच्यापुढं मास्तरांच्या बाकीच्या गोष्टी काहीच नाहीत.

बार्शीकडचं गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दुष्काळातच सरकारनं तिथं नवी विहीर खणली. आपल्यातल्या एका तरण्या माणसानं तिच्यात स्वतः पोहरा टाकला. सरकारी विहीर आहे, सगळ्यांची आहे, असं तो म्हणाला म्हणे. दुसऱ्या दिवशी तो त्याच विहिरीत मेलेला सापडला. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरून पडला.

त्याच्या घरचे मास्तरांना बोलवायला आले. खून दाखवायला नव्हे. आपल्याकडे रीत होती, जन्मात फोटो निघाला नसेल तर मयताचा एक तरी काढायचा. खुर्चीवर बसवायचं, फेटा बांधायचा, हार घालायचा, कडेनं घरची माणसं उभी राहायची. त्या माणसाचा एकही फोटो नव्हता. मास्तर एका लग्नावरून परत येत होते, तसेच गेले. कॅमेऱ्यात रोलातला एकच फोटो शिल्लक होता.

पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं. माणूस खुर्चीवर बसवून तयार होता. फेटा कानापर्यंत खाली ओढलेला, गळ्यात जाड हार. मास्तरांनी फेटा जरा वर केला. कानाच्या वर कवटी फुटली होती. गाल उभा फाटला होता. हार बाजूला केला तर गळ्याला दोराचा वळ, चांगला बोटभर रुंद.

मास्तर म्हणाले, "फेटा काढा. हार काढा. सगळे बाजूला व्हा."

म्हातारा बाप अंगावर आला. "मेल्यावर तरी नीट बसू द्या की माझ्या लेकराला."

"आडात पडलेल्याच्या गळ्याला दोर कोन बांधतं, बाबा?"

बाप बाजूला झाला. मास्तरांनी एकट्या माणसाचा, उघड्या डोक्याचा, तो एक फोटो काढला.

त्या फोटोच्या जोरावर गावातल्या जमीनवाल्यांवर खटला उभा राहिला. डॉक्टरांच्या कागदात जखमा दगडावर आपटून झाल्या असं होतं, आणि दोराचं नावही नव्हतं. गावातलं कुणी साक्षीला तयार नव्हतं. फोटोत मात्र वळ साफ दिसत होता. आपल्या बाजूचा वकील म्हणाला, हा फोटो टिकला तर ती माणसं आत जातात, नाही टिकला तर सुटतात.

त्या माणसाची बायको बाजाराच्या दिवशी सोलापूरला यायची. अंगानं काटकी, आवाज मोठा. मास्तरांनी तिला त्या फोटोची एक प्रत दिली होती. ती प्रत तिनं परत आणली.

"दादा, ह्यो भितीवर लावता येत न्हाई. पोरं भित्यात. धाकटं तर त्येच्याकडं पाठ करून जेवतंय."

मास्तर म्हणाले, "हा भितीसाठी न्हाईच. कोर्टासाठी हाय."

"मग मला भितीसाठी एक द्या."

"एकच हाय."

"डाग काढा की त्यातले. समोरचा फोटोवाला काढतोय म्हनं."

मास्तर तिच्यावर ओरडले. ती जिन्यात बसून राहिली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली, त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा. काही मागायची नाही, नुसती पायरीवर बसायची. गिऱ्हाईक तिला ओलांडून वर यायचं. शेवटी मास्तर खाली जाऊन म्हणाले, "बाई, तुला समजत कसं न्हाई? त्यो फोटो कोर्टाला पायजे."

ती म्हणाली, "कोर्टाचा नवरा मेलाय व्हय? माझा मेलाय."

मास्तर वर आले आणि डार्करूममध्ये जाऊन उभे राहिले. दिवा लावला नाही. स्टेशनं म्हणाले नाहीत.

मग त्यांनी ते केलं. मी म्हटलं, आधी फोटोवरून दुसरी निगेटिव्ह करा आणि तिच्यावर काय करायचं ते करा. ते म्हणाले, "त्यात मानूस पिठात पडल्यागत दिसतो. द्यायचा तर तिला चांगला देऊ." त्यांनी कधी पेन्सिल लावली नव्हती, पण हात चांगला होता. खिडकीच्या उजेडात निगेटिव्ह धरून त्यांनी गाल सांधला, कवटी सांधली, दोराचा वळ घालवला. फोटो झाला तेव्हा एक देखणा माणूस कोऱ्या मांजरपाटासारख्या तोंडानं बघत होता. बाईनं तो पदरात गुंडाळला. आधीची प्रत तिनं परत दिली, तीही वकिलाकडं गेली.

मग कोर्टानं मूळ निगेटिव्ह मागवली. मी टर्पेंटाइनची बाटली काढून ठेवली. पेन्सिल टर्पेंटाइननं पुसली जाते, मागं काही राहत नाही.

मास्तर म्हणाले, "कोर्टात द्यायच्या निगेटिव्हला हात लावायचा न्हाई."

"हात लावूनच बसलाय की तुमी. आता पुसून टाका."

"केलंय ते केलंय, अक्का. पुसलं तर लपवल्यागत हुईल. इचारलं तर सांगीन, कशासाठी लावली ते."

असा माणूस. स्वतःच्या खरेपणावर त्यांचा एवढा विश्वास होता की तो खरेपणा दुसऱ्यालाही दिसेल असं त्यांना वाटायचं. बाईला फोटो दिला ते बरोबर केलं, असं मी आजही म्हणते. निगेटिव्ह पुसली नाही हा मूर्खपणा केला, असंही म्हणते.

कोर्टात मी गेले होते. ती बाई आणि मी मागच्या बाकावर. समोरच्या वकिलानं निगेटिव्ह खिडकीकडे धरली, जरा तिरकी केली. पेन्सिल तिथं चमकली. मागच्या बाकावरूनसुद्धा दिसली.

"ही पेन्सिल कुणाची?"

"माझी."

"तुम्ही या निगेटिव्हवर हातानं काम केलंय?"

"व्हय, पण ते..."

"हो की नाही, एवढंच."

"व्हय."

"ज्याला जखमा काढता येतात, त्याला घालताही येतात. बरोबर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते. गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जाणारा, पोलिसाला शिवी देणारा हा माणूस. सांगायचं होतं ते सोपं होतं. पेन्सिलीनं डाग जातो, येत नाही. मला चौथी शिकलेलीला माहीत होतं. मास्तर खाली बघत राहिले. सगळं बोलणं त्यांना परत येताना, चाचांच्या दुकानासमोर, सुचलं. तिथं उभं राहून ते मोठ्यानं बोलत होते, पेन्सिलीनं डाग कसा जातो आणि का येत नाही. चाचा हातातली ट्यूब तशीच धरून ऐकत होते. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती.

आरोपी सुटले. गावात त्यांची मिरवणूक निघाली असं ऐकलं. मास्तर निगेटिव्ह परत मागायला कोर्टात खेटे घालत राहिले. साहेब नाहीत, कागद वर गेलेत, पुढल्या महिन्यात या. मग कळलं की जुन्या कागदांबरोबर ती कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. वकिलाकडच्या प्रतीही कोर्टातच लावलेल्या होत्या, त्याही गेल्या.

त्यानंतर मास्तर खेड्यांत गेले नाहीत. रविवारी स्टुडिओ उघडा ठेवायला लागले. गिऱ्हाईक म्हणालं उजळ करा, तर करून द्यायचे. मांजरपाट काढून समोरच्या स्टुडिओतला जुना पडदा आणून लावला. बागेचा होता, एका कोपऱ्यात कारंजं. चाचांनी पंचनाम्याचा विनोद बंद केला. लोक म्हणाले, मास्तर सुधारले. मला ते दिवस आठवायला आवडत नाहीत. ओरडणारा माणूस गप्प झाला की त्याच्याबरोबर काम करणं अवघड जातं.

काही वर्षांनी ती बाई पुन्हा आली. केस पांढरे झाले होते. आवाज तोच. पदरातून तिनं फ्रेम काढून टेबलावर ठेवली. काचेवर धूर बसला होता, आत तो देखणा माणूस.

"दादा, डाग परत घाला."

मास्तरांना कळलं नाही. "कसले डाग?"

"हेच्या तोंडावरचे. हुते तसे." मग म्हणाली, "थोरला मोठा झालाय. त्येला सगळं गाव सांगतंय, तुजा बाप आडात पडून मेला. मी म्हन्ते, मारला. त्यो फोटोकडं बोट करतोय, म्हनतोय, आये, कुटं काय लागलंय? नीट तर हाय. परवा त्या लोकांच्याच शेतात कामाला गेला. त्यांच्यातल्याच एकाच्या हाताखाली. घरात येऊन सांगतोय, मानसं चांगली हायत."

मास्तर म्हणाले, "निगेटिव्ह न्हाई, बाई. कोर्टात गेली ती गेली."

"मग ह्येच्यावर घाला."

"हातानं?"

"तुमी बघितलंय की. मी बी बघितलंय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके पडतात, ते बुजवायला एक काळी शाई असते आणि अगदी बारीक ब्रश. तो मी काढून दिला. मास्तरांनी फ्रेमचे खिळे उपसले, काच बाजूला केली, फोटो खिडकीजवळ नेला. बाई त्यांच्या खांद्याशी उभी राहिली. मास्तरांचा हात थांबला की ती बोट ठेवायची.

"हितं. कानाच्या वर. आनी जरा मागं."

मास्तर रंगवायचे.

"गाल असा न्हाई. उभा फाटला हुता, हितपतोर."

मास्तरांनी गाल फाडला. त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं, ते बाहीनं पुसत होते, पण हात हलू दिला नाही. शेवटी गळ्यावर आले. कानामागून सुरू करून त्यांनी वळ पुढं आणला, आणि ब्रश उचलून मागं सरकले.

बाईनं फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ बघितला.

"दादा, गळ्याला अजून काळं करा," ती म्हणाली. "इतकं फिकं न्हवतं."

मास्तरांनी ब्रश पुन्हा शाईत बुडवला.